पालघरचा इतिहास ‘ठाणे’ नावाखाली शोधा

नालासोपाऱ्यातील नववीतला एक मुलगा मागच्या आठवड्यात आमच्याकडे आला. शाळेने ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’ हा प्रकल्प दिला होता. वर्गातला एकजण त्याला म्हणाला होता, “तुम्ही लोक तलवार घेऊन आलात.” मुलाने खाली मान घालून विचारले, “चाचा, आपण इथे केव्हा आलो?” मोबाइलवर त्याने शोधले होते. तिथे उत्तराऐवजी नुसती भांडणे सापडली.

आम्ही त्याला वाचनालयात नेले. सूचीत ‘पालघर’ शोधले तर जवळजवळ काही नाही. साहजिकच आहे. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधीचे सारे ‘ठाणे’ या नावाखाली आहे. ही एवढी गोष्ट माहीत नसल्याने किती मुले रिकाम्या हाताने परतत असतील!

‘बॉम्बे गॅझेटियर’चे ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ चे आहेत. जुने सोपारा बंदर, गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये पोर्तुगिजांना दिलेली वसई, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला, हे सगळे त्यात मिळते. पण मुलाच्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर त्यात नाही, कारण तो पुरावा तेव्हा जमिनीखाली होता.

डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे विसाव्या शतकात काही ताम्रपट सापडले. ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या ३२ व्या खंडात ते छापले आहेत. त्यांतला एक शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा, संस्कृत भाषेतला. त्यात राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणारा एक ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकारी येतो. त्याचे नाव ‘मधुमती’. अभ्यासक हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप मानतात. त्याने लोकांसाठी मोफत नाव चालवली, अन्नछत्र घातले आणि राजाच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन दिली. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला १२९६ मध्ये, म्हणजे या ताम्रपटानंतर ३७० वर्षांनी.

मुलाचा चेहरा उजळला. पण आम्ही त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. पुढे लढाया झाल्या, लूटही झाली, तेही याच ग्रंथांत आहे आणि तेही वाचायचे. आपल्याला आवडते तेवढेच उचलले, तर आपल्यात आणि खोटे मेसेज पुढे ढकलणाऱ्यात फरक काय राहिला? बातमी आली की तिची शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण इतिहासालाही लागू आहे.

पालकांनी मुलांना संदर्भग्रंथ वापरण्याच्या तीन सवयी लावाव्यात. पहिली, पुस्तक केव्हा छापले ते पाहणे. दुसरी, पाठीमागची सूची पाहणे, सगळे पुस्तक वाचावे लागत नाही. तिसरी, वहीत ग्रंथाचे नाव, खंड आणि पान टिपणे. संदर्भग्रंथ बहुधा घरी नेता येत नाहीत, म्हणून वही हवीच. मराठी विश्वकोश आणि जुनी गॅझेटियर आता इंटरनेटवर मोफत आहेत. इंग्रजी अडले तर शिक्षकांची मदत घ्यावी.

आपल्या मोहल्ल्यांतल्या अभ्यासिकांत दीनी किताबे असतात, स्पर्धा परीक्षांची पुस्तकेही असतात. इतिहासाचा कप्पा मात्र क्वचितच दिसतो. जमातीने ठरवले तर एका निकाहच्या सजावटीच्या खर्चात तो सहज भरेल.

त्या मुलाने प्रकल्पात चिंचणीच्या ताम्रपटावर एक पान लिहिले आणि खाली खंडाचा क्रमांक घातला. वर्गात आता कोणी विचारलेच, तर त्याला आवाज चढवावा लागणार नाही. वही उघडून दाखवली की पुरे.