पिवळी पिन आणि माळ्यावरच्या कॅसेटी

व्हीसीआर भंगारात काढायला निघालेल्यांना माझी एक विनंती आहे: थोडं थांबा. आधी माळ्यावरची ती पत्र्याची ट्रंक खाली काढा, आत काय आहे ते पाहा आणि मग ठरवा. गेल्या काही वर्षांत आमच्या खोपोलीत आणि आजूबाजूच्या गावांत ओळखीच्या निदान डझनभर घरांतून लग्नाच्या कॅसेटी भंगारवाल्याच्या गाडीवर गेल्या. कारण प्रत्येक वेळी एकच, "नव्या टीव्हीला ती पिनच लागत नाही." या कारणात अर्धंच तथ्य आहे, आणि त्या अर्ध्या तथ्यापायी आपण आपला इतिहास किलोच्या भावाने विकतो आहोत.

इतिहास हा शब्द कुणाला मोठा वाटेल. पण विचार करा. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं आणि त्याच सुमारास कोकणातला मुसलमान तरुण मोठ्या संख्येने आखातात होता. सौदी, कुवेत, दुबई, मस्कत. सुट्टीवर येताना बॅगेतून अत्तर, कापड आणि खजूर यायचे, तसा व्हीसीआरही आला. ज्या घरात तो आला, त्या घरचा निकाह कॅमेऱ्यात उतरला. तिकडे राहिलेल्या भावाला इकडचं लग्न बघता यावं म्हणून कॅसेट पाठवली जायची. तिकडून तो आपली खोली, आपली भाकरी करण्याची पद्धत, शेजारचा मल्याळी मित्र असं सगळं दाखवणारी कॅसेट पाठवायचा. आमच्या वस्त्यांचं असं चित्रण सरकारी दप्तरात नाही, वर्तमानपत्रांत नाही. "तुम्ही घरी मराठी बोलता?" असं आजही ज्यांना आश्चर्याने विचारलं जातं, त्यांच्या घरचा वलीमा, त्यातली मस्करी, जेवायला वाढणाऱ्यांची आरडाओरड कोणत्या बोलीत चालली होती याचा पुरावा त्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात आहे.

आणि हळदीची गाणी! आमच्या बायका कोकणी-मराठीत गात असत, नवरदेवाच्या आईला टोमणे मारत. आता बऱ्याच घरांत ती बंद झाली. ती गावीत की नाही, हा वाद ज्याचा त्याने घालावा. पण ती होती, हे नाकारता येऊ नये एवढी माझी अपेक्षा आहे. ज्या खाला-फुफींना ती पाठ होती त्यातल्या बऱ्याच आता अल्लाहला प्याऱ्या झाल्या.

आता पिनेकडे येऊ. जुन्या व्हीसीआरच्या मागे तीन भोकं असतात, पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. (साध्या मशीनला आवाजाचं एकच.) नव्या टीव्हीच्या मागे ती दिसली नाहीत म्हणून लगेच हात टेकू नका. बऱ्याच टीव्हींना हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं आणि त्यावर 'एव्ही इन' लिहिलेलं असतं. तिथे एक छोटी जोडवायर लागते. मात्र ती त्याच टीव्हीसाठी असलेली घ्या. या बारीक पिनेवरच्या जोडण्यांचा क्रम प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने ठेवला आहे, त्यामुळे भलतीच वायर लावली की चित्राच्या जागी घरघर ऐकू येते. काही टीव्हींत पिवळी पिन हिरव्या भोकात घालायची असते. चित्र आलं पण रंग नाही, तर मेनूत 'कंपोनंट'ऐवजी 'एव्ही' निवडलं आहे का ते बघा.

यातलं काहीच नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी मिळते, तीही स्वस्तात. घेताना दिशा नीट वाचा. 'एव्ही टू एचडीएमआय' हवी. उलट्या दिशेची डबी दिसायला जवळजवळ तशीच असते आणि आपल्या काहीच उपयोगाची नसते. डबीला यूएसबीतून वीज द्यावी लागते, हेही दुकानात कुणी सांगत नाही.

चित्र आल्यावर लोकांची पहिली तक्रार असते, "किती खराब दिसतंय, कॅसेट गेली." कॅसेट गेलेली नसते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ चित्राच्या, आणि व्हीएचएसवर आडवा तपशील तर जेमतेम २४० रेषांइतका. तेवढंच चित्र आता २१६० ओळींच्या फोर-के पडद्यावर ताणलं जातं. शिवाय जुना चौकोनी पडदा ४:३ होता. तो १६:९ वर पसरवला की सडपातळ नवरीसुद्धा जाडजूड दिसते. मेनूत जाऊन ४:३ करा, शार्पनेस खाली आणा, चार पावलं मागे बसा. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसली तर घाबरू नका. ती पूर्वीही होती, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची.

मधूनच पडदा निळा होऊन 'नो सिग्नल' येतं, त्याचं कारण वेगळं आहे. टेपवरून येणाऱ्या चित्राची चाल थोडी डगमगती असते. जुना डबा टीव्ही ते चालवून घ्यायचा, नवा टीव्ही अडून बसतो. अशा वेळी दुसरा टीव्ही किंवा दुसरी डबी लावून बघावी. आणि सौदीतून आलेली कॅसेट काळी-पांढरी दिसली तर लक्षात घ्या, तिथे तेव्हा सेकॅम पद्धत होती. ती वाचणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागतो. बहुधा ज्या घरात कॅसेट आली त्याच घरात तोही आलेला असतो, म्हणूनच तो विकू नका म्हणतो.

दुकानात देऊन पेनड्राइव्हवर करून घ्यावं, असं कुणीही सुचवेल. माझं मत वेगळं आहे. या कॅसेटींत जनानखान्याचं शूटिंग असतं. बायकांनी घरचा कॅमेरा म्हणून डोक्यावरचा पदर सोडलेला असतो, नाचलेल्या असतात. माझ्या एका नातेवाइकांनी अशी कॅसेट एका दुकानात दिली. परत आणायला गेले तेव्हा काउंटरवरच्या टीव्हीवर तीच चालू होती आणि चार गिऱ्हाइकं बघत उभी होती. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला ते फक्त काम होतं. पण त्या बायकांनी कुणाला परवानगी दिली होती? लॅपटॉपला लागणारं यूएसबी कॅप्चर यंत्र घेतलं तर हेच काम घरात होतं. सॉफ्टवेअरमध्ये पाल निवडायचं आणि कॅसेट सुरू करायची. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. घाई करायची सोयच नाही, आणि ते बरंच आहे.

वेळ मात्र थोडा आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तो शेवटचा उत्पादक होता. सुटे भाग आता जुन्या मशीनमधूनच काढावे लागतात. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरातल्या संग्रहालयांना चुंबकीय टेपबद्दल सावध केलं, ते याच कारणाने. त्यात आपण घाटाच्या पायथ्याचे. इथे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे टेपचं काय! खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट मुळीच लावू नका. बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराकडूनच साफ करून घ्या. बाकीच्या कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. आणि लावण्याआधी कडेची ती छोटी प्लास्टिकची पट्टी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

एक काम कुठलीच डबी करत नाही. चित्रातली माणसं कोण, हे सांगणारी माणसं घरातच आहेत आणि म्हातारी झाली आहेत. कॅसेट चालू असताना अम्मीला, दादीला समोर बसवा. शेजारी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत राहा. हिरव्या साडीतली कोण, तो फेटेवाला पाटील आपल्याकडे कसा, ती मुलगी पुढे कुठे दिली, हे त्या सांगतीलच. गाणं सुरू झालं की बहुधा बरोबर गुणगुणतीलही.