चीन राहिल्यावाचून कळणार नाही

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी कोलकात्याहून ग्वांगझाऊकडे थेट विमान निघाले आणि पाच वर्षांहून अधिक काळ खंडित असलेला भारत व चीन यांच्यातील हवाई संपर्क पुन्हा प्रस्थापित झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवराची यात्रा सुरू झाली होती आणि जुलै महिन्यात चिनी पर्यटकांना व्हिसा देण्यास भारताने पुन्हा प्रारंभ केला होता. या साऱ्या घटनांची चर्चा सीमाप्रश्न, व्यापारातील तूट आणि मुत्सद्देगिरी यांच्या अंगाने भरपूर झाली. या विमानांतून जाणाऱ्या एका प्रवाशाचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. तो म्हणजे विशी-बाविशीतला विद्यार्थी. तो चीनमध्ये चार-पाच वर्षे राहतो, तिथल्या बाजारात भाजी घेतो, रेल्वेने हिंडतो आणि परत येतो. त्याच्या या साध्या राहण्या-हिंडण्याला काही राष्ट्रीय मोल आहे काय, हा प्रश्न आता विचारला पाहिजे.

व्यवहाराची शाळा

चीनमध्ये राहू लागलेल्या परदेशी तरुणाचे शिक्षण वर्गात बसण्यापूर्वीच सुरू होते. हॉटेलाबाहेर मुक्काम करणाऱ्या प्रत्येक परदेशी व्यक्तीने चोवीस तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे आपल्या निवासाची नोंद केली पाहिजे, असा तिथला कायदा आहे. नागरिकाचे नाव-गाव राज्यसंस्थेला ठाऊक असलेच पाहिजे, हा त्या व्यवस्थेचा पहिला धडा त्याला असा कागदपत्रांतूनच मिळतो. चिनी नागरिकाची तर स्वतःच्या देशातही 'हुकोउ' या कौटुंबिक नोंदीपासून सुटका नाही. खेड्यातून शहरात आलेल्या कामगाराच्या मुलांना शहरातील शाळेत प्रवेश मिळेल की नाही, हे पुष्कळदा त्या नोंदीवर अवलंबून असते. पुस्तकात हे वाचून समजते. पण खानावळीत ताटे उचलणाऱ्या बाईचे मूल दूरच्या गावी आजीपाशी वाढते आहे आणि तिची त्याची गाठ वर्षातून एकदा, वसंतोत्सवाच्या सुटीतच पडते, हे तिच्याच तोंडून ऐकले म्हणजे ते मनात रुतते.

पैशाचे व्यवहारही असेच बोलके आहेत. आज चीनमध्ये भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सारे जण मोबाइलवरील 'वीचॅट' किंवा 'आलीपे' यांतून पैसे घेतात. मात्र गूगल, व्हॉट्सॲप आणि फेसबुक तिथे बंद आहेत. घरच्यांशी बोलण्याची रोजची वाट तुटली, की माहितीवरील नियंत्रण म्हणजे काय याचा अर्थ त्या तरुणाला पहिल्याच आठवड्यात कळतो. एकाच यंत्राने मिळणारी विलक्षण सोय आणि त्याच यंत्राने होणारी देखरेख या दोन गोष्टी तिथे हातात हात घालून नांदतात. केवळ सोयीचे पोवाडे गाणारा आणि केवळ देखरेखीवर बोट ठेवणारा असे दोघेही अर्धाच चीन सांगत असतात.

आणि सहली! सुटीच्या दिवशी सकाळी बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवन उद्यानात गेलेल्या तरुणाला निवृत्त माणसांचा एक संपूर्ण समाज भेटतो. कोणी संथपणे ताईचीचे हात करीत असतात, कोणी पत्ते किंवा बुद्धिबळ खेळत असतात, कोणी मोठा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर सुरेख अक्षरे काढीत असतात. ती अक्षरे उन्हात वाळून जातात याची त्यांना खंत नसते. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवारी-रविवारी आईबाप आपल्या मुलामुलींचे वय, उंची, शिक्षण, पगार आणि घराची माहिती कागदावर लिहून, ते कागद उघड्या छत्र्यांवर लावून बसतात. वधू-वर मेळावे आणि वर्तमानपत्रांतील 'पाहिजे' सदरे यांच्या सोबतीने वाढलेल्या मराठी तरुणाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. एक अपत्याचे धोरण १९८० च्या सुमारास लागू झाले आणि २०१६ च्या आरंभी संपले. त्या धोरणाने एकेका मुलावर किती आशांचे ओझे टाकले, हे त्या छत्र्यांपुढे उभे राहिले की अधिक विवेचनाची गरज उरत नाही.

रेल्वेचेही तेच. बीजिंग-शांघाय हे तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर साडेचार तासांत तोडणारी गाडी परदेशी पाहुण्याला दाखवली जाते आणि ती दाखविण्याजोगी आहेच. पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडते ती पुष्कळदा हिरव्या रंगाची जुनी, संथ गाडी आणि तिच्यातील कठीण बाक. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ, प्रत्येकाच्या हातात शेवयांचे कागदी भांडे किंवा चहाची बाटली, मध्ये सूर्यफुलाच्या बियांची पुडी आणि प्रश्नांचा भडिमार: गाव कोणते, पगार किती, लग्न झाले का? आपल्याकडील दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलेल्या माणसाला याहून वेगळे काय विचारले जाते? ओळखीच्या माणसाला 'जेवलात का?' असे विचारून बोलण्यास सुरुवात करण्याची रीत तिथेही जुनी आहे.

भिंत कोणाची?

याचा अर्थ चीनमध्ये परदेशी तरुणाचे सर्वत्र स्वागतच होते असा नव्हे. परक्याला सन्मानाने पण वेगळे ठेवावे, ही त्या राज्यसंस्थेची जुनी पद्धत आहे. १९८० पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परदेशी माणसाच्या हाती वेगळ्या प्रकारचे चलनच दिले जाई आणि अनेक शहरांत जाण्यासाठी त्याला परवाना काढावा लागे. परदेशी विद्यार्थ्यांची वसतिगृहे आजही बहुतेक विद्यापीठांत निराळी असतात. तिबेटमध्ये जाण्यास परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो. डिसेंबर १९८८ मध्ये नानजिंगच्या होहाई विद्यापीठात आफ्रिकी विद्यार्थ्यांशी झालेल्या संघर्षातून शहरभर वर्णद्वेषी निदर्शने झाली; एप्रिल २०२० मध्ये साथीच्या भीतीने ग्वांगझाऊत आफ्रिकी लोकांना घरांबाहेर आणि हॉटेलांबाहेर काढण्यात आले. या गोष्टी झाकून मैत्रीची गोडवी गाणे हा अप्रामाणिकपणा होईल.

परंतु भिंत एकाच बाजूने उभारली जात नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये १९६ देशांचे ४ लाख ९२ हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यांत भारतीयांची संख्या २३ हजारांहून अधिक, म्हणजे अमेरिकनांपेक्षाही जास्त होती. ही संख्या पाहून भारताजवळ चीन जाणणाऱ्यांची एक पिढी तयार होत असावी, असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिती तशी नव्हती. यांतील बहुसंख्य विद्यार्थी वैद्यकीचे होते. देशातील खाजगी महाविद्यालयांचे शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबांनी त्यांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत पाठविले होते. परदेशीयांचे वसतिगृह, तिथेच शिजवलेला डाळभात, आपल्याच प्रांतातील सोबती आणि इंग्रजीतून व्याख्याने, अशा परिघात अनेकांची पाच वर्षे गेली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते पदवीसाठी गेले होते; चीन समजून घेण्यासाठी त्यांना कोणी पाठविलेच नव्हते.

भाषेवाचून वैद्यक

या परिघाची किंमत शेवटी त्यांनाच मोजावी लागली. मार्च २०२० च्या अखेरीस चीनने परदेशीयांना दारे बंद केली. सुटीला मायदेशी आलेले हे विद्यार्थी इथेच अडकले आणि ऑगस्ट २०२२ अखेर व्हिसा पुन्हा मिळू लागेपर्यंत मोबाइलच्या पडद्यावर शरीरशास्त्र शिकत राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये बीजिंगमधील भारतीय दूतावासाने भावी विद्यार्थ्यांसाठी जी सूचना प्रसिद्ध केली, ती डोळ्यांत अंजन घालणारी होती. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून भारतातील पात्रता परीक्षेला बसलेल्यांपैकी जेमतेम सोळा टक्के उत्तीर्ण झाले होते. अपयशाची कारणे अनेक असतील. काही महाविद्यालयांचा दर्जा हेही त्यांतील एक. पण त्या सूचनेत भाषेचाही स्पष्ट उल्लेख होता. वर्ग इंग्रजीतून चालला तरी खाटेवरचा रुग्ण चिनीतून कण्हतो. त्याचे दुखणे ज्याला ऐकता येत नाही, त्याला रुग्णालयात शिकता येणार काय?

इथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. इतर चौघे यथावकाश परतले. कोटणीसांना परतणे घडले नाही. उत्तर चीनच्या रणभूमीवर ते चिनी भाषा शिकले, रुग्णांशी त्यांच्याच बोलीत बोलू लागले, बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४१ मध्ये तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी मरण पावले. दोन्ही देशांतील पुढारी समारंभप्रसंगी त्यांच्या त्यागाचे स्मरण करतात. त्या त्यागाइतकीच महत्त्वाची एक साधी गोष्ट मात्र विसरली जाते. कोटणीस यांनी भाषा शिकून घेतली आणि म्हणूनच चिनी माणसाला ते परके राहिले नाहीत.

दुसरे उदाहरण विक्रम सेठ यांचे. १९८० ते १९८२ या काळात ते नानजिंग विद्यापीठात विद्यार्थी होते. १९८१ च्या उन्हाळ्यात शिनजियांग आणि तिबेट ओलांडून, बराचसा प्रवास मालमोटारींतून करीत, ते नेपाळमार्गे घरी आले. त्या प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. सांस्कृतिक क्रांतीने सामान्य माणसांच्या संसारावर घातलेले घाव त्यात मोटारचालकांशी आणि यजमानांशी झालेल्या साध्या गप्पांतून प्रकट होतात. ते साधले याचे कारण त्या तरुणाला चिनी बोलता येत होते आणि त्याला कोणतीही घाई नव्हती.

अज्ञान परवडणारे नाही

गलवान खोऱ्यात १५ जून २०२० रोजी भारतीय जवानांचे रक्त सांडले. अशा शेजाऱ्याकडे तरुण पाठवावेत कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. विद्यार्थ्यांच्या ये-जा करण्याने सीमा आखली जात नाही आणि रेल्वेतील गप्पांनी लष्करी डावपेच उलगडत नाहीत. राज्यसंस्था जे दाखवू इच्छित नाही, ते तरुण परदेशीयास सहसा दिसत नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्याशी मैत्री आहे त्याच्याबद्दलचे अज्ञान एक वेळ खपून जाईल. ज्याच्याशी वैर आहे त्याच्याबद्दलचे अज्ञान घातक ठरते. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने रशियन भाषेच्या अभ्यासावर पैसा ओतला, तो काही प्रेमापोटी नव्हे.

अमेरिकेचा ताजा अनुभवही बोधप्रद आहे. २०११-१२ मध्ये सुमारे पंधरा हजार अमेरिकन विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते. २०२१-२२ मध्ये ती संख्या अवघ्या २११ वर आली. याची चिंता दोन्ही बाजूंना वाटली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या भेटीवर असता अध्यक्ष शी जिनपिंग यांनी पाच वर्षांत पन्नास हजार अमेरिकन तरुणांना चीनमध्ये बोलावण्याची घोषणा केली. त्यामागे राजकीय हेतू आहेत हे उघडच आहे. पण तरुणांच्या वास्तव्याचे मोल तिथल्या राज्यकर्त्यांना कळते, हेही त्यातून दिसते.

आणि आपल्याकडे? २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शाळांत शिकवावयाच्या परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणातून ती गळाली. २०२३ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे वार्ताहर जवळजवळ सर्वच घालवून दिले. म्हणजे शेजाऱ्याची भाषा शिकविण्याचा उत्साह मावळला आणि त्याच्या घरात डोळे उघडे ठेवून बसलेली माणसेही उठून आली. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये शांतिनिकेतनात 'चीन भवन' उभारले, त्या देशाला हे शोभणारे नाही.

उपाय अवघड नाहीत. वैद्यकीसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला निघण्यापूर्वी निदान सहा महिने चिनी भाषेचे शिक्षण देण्याची सोय महाराष्ट्रातील विद्यापीठांनी करावी. त्याच्या शिक्षणासाठी आणि रुग्णांसाठीही ते हिताचे आहे. इतिहास, अर्थशास्त्र, शेती आणि तंत्रविद्या या विषयांचे थोडे तरी विद्यार्थी दरवर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर चीनमध्ये राहावयास जावेत आणि त्यांनी विद्यापीठाच्या आवाराबाहेर खेड्यापाड्यांतून, लहान शहरांतून हिंडावे अशी अपेक्षा ठेवावी. परतल्यावर त्यांच्याकडे संशयाने न पाहता त्यांच्या ज्ञानाचा उपयोग करून घ्यावा. प्राध्यापकांनी त्यांना वर्गांत बोलावावे, वृत्तपत्रांनी त्यांचे अनुभव छापावेत. सरकारच्या सवडीसाठी न थांबता एवढे तर शिक्षकांना आणि संपादकांना आजच करता येईल.

देशाटनाने शहाणपण येते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पण ते नुसत्या प्रवासाने येत नाही, परक्या भाषेत चार माणसांशी सुखदुःखाच्या गोष्टी केल्याने येते. विमाने सुरू झाली आहेत. त्यांतून केवळ माल आणि व्यापारी ये-जा करणार, की चीन जाणून घेणारी माणसेही, हे ठरविण्याचे काम विमान कंपन्यांचे नव्हे.