मृगाच्या किड्याचे पाय किती?

पहिला दमदार पाऊस झाला की ओल्या मातीवर लाल मखमलीचा एक ठिपका चालू लागतो. मराठीत तो मृगाचा किडा, हिंदी मुलखात बीरबहूटी, तेलुगूत आरुद्र पुरुगु. मराठीने त्याचे नाव मृग नक्षत्रावरून ठेवले, तेलुगूने लगतच्या आर्द्रेवरून. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत दडून राहणारा हा जीव केव्हा वर येतो, याची नोंद कुणा अनामिक निरीक्षकांनी भाषेतच करून ठेवली आहे.

आता पहिली-दुसरीतल्या मुलाला त्याचे पाय मोजायला सांगा. आठ भरतात. म्हणजे नावात किडा असला तरी तो कीटक नव्हे. कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतातला आहे. गंमत अशी की त्याचे अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू सहाच पायांचे असते. सहा पाय म्हणजे कीटक, हा फळ्यावरचा नियम अंगणात असा डळमळतो आणि विज्ञान म्हणतात ते नेमके तिथून सुरू होते.

आपल्या बहुतेक वर्गांत मात्र लहान जीवांची पहिली ओळख दोन रकान्यांत होते : उपयुक्त कीटक आणि उपद्रवी कीटक. मधमाशी, रेशीमकिडा डावीकडे. झुरळ, डास, वाळवी उजवीकडे. हे वर्गीकरण बालवयात शिकवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते चुकीचे आहे म्हणून नव्हे (शेतकऱ्याला ते लागतेच), तर ते पाहण्याआधी निकाल देते म्हणून. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी असते. थोडी मोठी झाली की ती हिरवीगार होते. डिवचले तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हीच पुढे काळे-पिवळे देखणे फुलपाखरू होते. भिंतीवरच्या तक्त्यात फुलपाखरू मिरवते आणि कुंडीतली अळी चपलेखाली जाते. मुलाने यातून काय शिकावे?

धोरणाच्या पातळीवर वाण नाही. 2020चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि 2022चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही खेळातून आणि अनुभवातून शिकण्यावर भर देतात. एनसीईआरटीच्या पाचवीच्या ‘आस-पास’ या जुन्या पुस्तकात पहिल्याच पाठात साखर किंवा गूळ जमिनीवर ठेवून मुंग्यांची वाट पाहायला आणि मग त्यांच्या रांगेत पेन्सिल आडवी ठेवायला सांगितले होते. किती सुंदर पाठ! पण मुंग्या यायला किती वेळ लागला, या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकात तयार मिळावे अशी अपेक्षा जिथे असते, तिथे तो पाठही पाठांतराचाच होतो. माझ्या अंगणातल्या मुंग्या किती मिनिटांत येतील, हे दिल्लीला कसे ठाऊक असणार? त्याच रांगेवरून ओले बोट फिरवून पाहा : मुंग्या त्या जागी घुटमळतात, कारण वासाची वाट पुसली गेलेली असते.

‘आम्हालाच कीटकांची नावे येत नाहीत,’ ही शिक्षकांची अडचण खरी आहे, पण ती आडवी येऊ नये. गोपालचंद्र भट्टाचार्य खेड्यातल्या शाळेत शिकवत होते. हाती पदवी नसताना ते कोलकात्याच्या बसू विज्ञान मंदिरात मुंग्या आणि कोळी यांचे अभ्यासक झाले. ‘बांगलार कीट-पतंग’ या त्यांच्या बंगाली पुस्तकाला 1975 साली रवींद्र पुरस्कार मिळाला. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी गांधीलमाश्यांच्या एका जातीचा कित्येक दशके अभ्यास केला. त्यात प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचा बारीक ठिपका देऊन तिला ओळखायचे आणि तासन्‌तास पाहत बसायचे, ही पद्धत पायाभूत होती. नाव ठाऊक नसेल तर ‘आपण शोधू या’ म्हणावे. मुलाला ते अधिक आवडते.

पालकांची भीती वेगळी आणि रास्त आहे. केसाळ सुरवंटाने अंग सुजते, गांधीलमाशी डसते, विंचू तर विंचूच. म्हणून पहिली शिस्त हात मागे बांधून पाहण्याची. पण सरसकट किळस ही सुरक्षितता नव्हे. डेंगी पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो : कूलरमध्ये, पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायला सांगतात ते यासाठीच. पाण्याच्या पृष्ठभागाशी उलट्या लटकणाऱ्या, सावली पडताच वळवळत तळाशी जाणाऱ्या अळ्या ज्या मुलीने भिंगातून पाहिल्या आहेत, ती घरातली ताटली स्वतःहून पालथी करते. जिला केवळ ‘डास वाईट’ एवढेच शिकवले, ती फवाऱ्याची बाटली मागते.

शाळेने यासाठी वेगळा तास ठेवण्याची गरज नाही. एक साधे भिंग, एक वही आणि मैदानाच्या कडेचा न झाडलेला वीतभर पाचोळा पुरे. मात्र तो पाचोळा तपासणीच्या आदल्या दिवशी जाळू नये, एवढे मुख्याध्यापकांनी शिपाईमामांना आधीच सांगून ठेवावे.