नातवाच्या घरचा शॅमेलिऑन



उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात परदेशी निघालेल्या आजी-आजोबांची वर्दळ वाढते. सहा महिन्यांची औषधे, चिठ्ठ्या, विम्याचे कागद हे सारे पाहून झाले की बोलणे नातवंडांवर येते. यंदा बहात्तर वर्षांच्या एका आजींनी मला निराळाच प्रश्न विचारला. टेक्सासमधील त्यांच्या अकरा वर्षांच्या नातवाने शॅमेलिऑन पाळला आहे. मुलगी, जावई आणि नातू चार दिवस बाहेरगावी जाणार असून त्या काळात त्या प्राण्याची देखभाल आजींकडे येणार आहे. “नातू म्हणतो, आजी, त्याला रोज थोडा वेळ हातावर घे, म्हणजे त्याला एकटं वाटणार नाही. घेऊ का, डॉक्टर?” आजींना मधुमेह आहे, पित्तासाठी रोजची गोळी आहे आणि नातवाचा शब्द मोडवत नाही.

माझे उत्तर ‘घेऊ नका’ असेच होते. ते आजींसाठी जितके होते तितकेच त्या मुक्या जिवासाठीही होते.

अमेरिकेत पाळला जाणारा शॅमेलिऑन बहुधा येमेन व सौदी अरेबियातील, डोक्यावर उंच तुरा असलेला ‘व्हेल्ड’ असतो किंवा मादागास्करचा ‘पँथर’. आपल्याकडचा घोयरा त्यांचाच भाऊबंद. (त्याला मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. नातवाचे पाहून कोणी इथे झाडावरून घोयरा उतरवून घरी आणू नये, तो गुन्हा ठरतो.) हा प्राणी एकलकोंडा आहे. त्याला सोबत लागत नाही, दुसरा शॅमेलिऑन नुसता दिसला तरी तो अस्वस्थ होतो. आरशातील स्वतःचे प्रतिबिंबही त्याला प्रतिस्पर्धीच वाटते. कुत्र्या-मांजराप्रमाणे कुरवाळून घेण्यात त्याला सुख नाही. माणसाचा हात तो फार तर सहन करतो.

‘सरड्यासारखा रंग बदलणे’ हा वाक्प्रचार आपण लबाडीसाठी वापरतो, तो या बिचाऱ्यावर अन्याय आहे. भोवतालात लपून जाण्यापेक्षा मनःस्थिती, ऊब आणि इतर शॅमेलिऑनांशी व्यवहार यांसाठीच तो मुख्यतः रंग पालटतो. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातील अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो. सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने यातील कामाचा भाग एवढाच की, त्याचा ताण आपल्याला डोळ्यांनी वाचता येतो. अंग काळपट पडणे, शरीर चपटे करून मोठे भासवणे, तोंड वासून फुत्कारणे ही ‘दूर हो’ अशी स्पष्ट सूचना असते. सकाळी थंड असताना ऊब शोषण्यासाठीही तो गडद होतो, म्हणून केवळ रंगावरून घाबरू नये. दिवसा डोळे मिटून बसणे, डोळे खोल जाणे किंवा फांदीवरून पडणे ही मात्र आजाराची लक्षणे आहेत.

कधी उचलणे अपरिहार्यच झाले, तर वरून हात घालू नये. निसर्गात त्याच्यावर झडप घालणारा पक्षी वरूनच येतो. हात समोरून, त्याच्या पातळीच्या किंचित खाली, फांदीसारखा स्थिर धरावा आणि त्यालाच चढू द्यावे. त्याची पावले चिमट्यासारखी फांदी पकडतात. ओढून काढल्यास नखांना व पायांना इजा होते. शेपटी तर धरूच नये, कारण पालीसारखी ती पुन्हा उगवत नाही.

आता आजींच्या बाजूने पाहू. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो. प्राणी धडधाकट दिसतो, पण विष्ठेतून तो जिवाणू अंगावर, फांद्यांवर, पिंजऱ्यावर पसरतो. म्हणूनच अमेरिकेतील रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, पाच वर्षांखालील मुलांना, ६५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींना आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना या प्राण्यांपासून दूर राहण्यास सांगते. जठरातील आम्ल हा अशा जिवाणूंना रोखणारा आपला पहिला पहारेकरी. पँटोप्रॅझोलसारखी गोळी रोज घेणाऱ्यांचा तो पहारा सैल झालेला असतो. तरुणाला चार-सात दिवसांच्या जुलाबांवर सोडणारा हा जिवाणू वृद्धांच्या रक्तात शिरू शकतो.

संसर्गानंतर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात मुरडा, जुलाब सुरू होऊ शकतात. तसे झाल्यास इथून नेलेली जुलाब थांबवणारी गोळी किंवा उरलेले प्रतिजैविक परस्पर घेऊ नका. ओआरएस सुरू करून डॉक्टरांना गाठा. ‘घरात शॅमेलिऑन आहे’ हे आपणहून सांगा, कारण ते कोणी विचारीलच असे नाही. मेटफॉर्मिन किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातले पाणी कमी झालेल्या स्थितीत त्यांचे काय करायचे हेही त्यांनाच विचारा.

मग ते चार दिवस? सर्वांत उत्तम म्हणजे एखाद्या माहीतगार शेजाऱ्याला किंवा नातवाच्या मित्राच्या पालकांना हे काम द्यावे. ते जमलेच नाही, तर आजींनी पिंजऱ्यात हात न घालता होईल तेवढेच करावे. शॅमेलिऑन सहसा वाटीतले पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब टिपतो. फवारणी घड्याळावर चालणाऱ्या यंत्राने होईल अशी सोय जावयांनी जाण्यापूर्वी करावी. पिंजऱ्याखाली पाणी सांडत नाही ना, तेही पाहावे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओल्या गुळगुळीत फरशीची धास्ती मला साल्मोनेलाइतकीच वाटते. दिवेही घड्याळावर लावावेत. उबेचा दिवा चांगलाच तापतो, त्याला हात लावू नये. खाद्यासाठीचे किडे टाकायचे असल्यास हातमोजे घालावेत, नंतर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत आणि ती भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कदापि धुऊ नयेत. पिंजऱ्यासमोर दूरदर्शन संच मोठ्याने लावू नये. चार हात दूर खुर्ची टाकून बसावे. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरताना पाहण्यात तास कसा जातो ते कळत नाही. नातवाला रोज एक छायाचित्र पाठवले की त्याचाही जीव भांड्यात पडेल.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य सर्वत्र नसतात. त्यांचा दूरध्वनी क्रमांक मुलीकडून आधीच मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन फ्रिजवर लावावा. त्याच कागदाच्या खालच्या भागात आजींच्या स्वतःच्या औषधांची नावे, मात्रा आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक असावा.