दुसरी पसंती

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तुम्हाआम्हांस मत नसते. ते असते खासदारांना आणि आमदारांना. २००७ साली खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते, महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे १७५ आणि गुजरातच्या आमदाराच्या मताचे १४७. आपल्या मताचे मूल्य शून्य! असे असूनही त्या वर्षी या निवडणुकीने बडोद्यातील घराघरांत, दवाखान्यांत आणि डॉक्टरांच्या बैठकांत जो वाद माजवला, तो मी अजून विसरलेलो नाही. त्या वादात माझ्या हातून घडलेल्या एका लहानशा चुकीविषयी आज लिहावेसे वाटते.

जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील एका बाजूला होत्या आणि तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत दुसऱ्या बाजूला. शेखावतांच्या पाठीशी राष्ट्रीय लोकशाही आघाडी उभी होती. पण त्याच आघाडीतील शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. प्रचारात दोन्हीकडून नको तितकी चिखलफेक झाली. २१ जुलैला निकाल लागला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मूल्याची मते मिळाली, शेखावतांना ३,३१,३०६. देशाला पहिल्या महिला राष्ट्रपती लाभल्या.

खरे सांगायचे तर माझा त्यांच्या पक्षाशी कधीच मेळ नव्हता. लोकसभेला, विधानसभेला मी नेहमी दुसरीकडे मत देत आलो. परंतु निकाल ऐकला आणि मी एका रात्रीत केवळ मराठी झालो! सोमवारी पेढ्यांचा पुडा घेऊन रुग्णालयात गेलो. शस्त्रक्रियागृहाबाहेर सर्वांना पेढे वाटले. माझे भूलतज्ज्ञ सहकारी गुजराती. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो होतो. शेखावतांविषयी त्यांना मनापासून आदर होता. त्यांनी पेढा घेतला, हसले आणि म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टरसाहेब! तमारां राष्ट्रपति जीती गयां."

'तमारां', म्हणजे तुमच्या. त्या शब्दात टोमणा नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. राष्ट्रपती साऱ्या देशाचा असतो, हे शाळेत शिकलेले वाक्य. पण पेढे वाटून मीच त्यांना 'आमच्या' केले होते. त्यांनी फक्त माझेच वाक्य मला परत दिले.

त्या रात्री मला अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फार आठवण झाली. १९६९ साली मी बडोदा मेडिकल कॉलेजात शिकत होतो. मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि देशाने तोवर पाहिली नव्हती अशी चुरशीची निवडणूक ऑगस्टमध्ये झाली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरींकडे, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख.

अण्णा जुने खादीधारी, संस्कृतचे शिक्षक. ज्या पक्षांनी चिंतामणरावांना उभे केले, ते त्यांना मुळीच रुचत नसत. पण महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, मेघदूताचा मराठी अनुवाद करण्याएवढी रसिकता त्याने जपली आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून दिले, याचे अण्णांना अपार कौतुक होते. रावपुऱ्यातल्या आमच्या घरी त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

निकाल विलक्षण लागला. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती; कुणीच तिथवर पोहोचले नाही. मग दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती मोठ्या प्रमाणावर रेड्डींकडे गेली, तरीही अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. त्याच वर्षी काँग्रेस दुभंगली.

मी तरुण आणि उतावळा. म्हणालो, "अण्णा, आपला माणूस हरला."

अण्णा म्हणाले, "अरे, मग आजपासून गिरी आपले नाहीत का? मला मत असते, तर पहिली पसंती चिंतामणरावांना दिली असती आणि दुसरी गिरींना. दुसरी पसंती लिहायचीच नसेल, तर ती मतपत्रिकेवर ठेवली कशाला?"

तेव्हा मला ती मास्तरांची कोटी वाटली. आज तीत बरेच काही दिसते. या निवडणुकीत पक्षाचा आदेश बजावता येत नाही, मतदान गुप्त असते. मतदाराने स्वतःच्या विचाराने ठरवावे, अशी ती रचना आहे. परंतु अस्मितेचाही एक आदेश असतो आणि तो कुणी लेखी बजावावा लागत नाही. २००७ साली मला मत नव्हते, तरी मी तो निमूटपणे पाळला.

शिवाय 'आपले' कोण, हे तरी इतके सोपे कुठे आहे? प्रतिभाताईंचे सासर अमरावतीचे. पण ते शेखावत घराणे मूळ राजस्थानातले. निवडून येण्यापूर्वी त्या राजस्थानच्याच राज्यपाल होत्या. आणि आपण? १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. आपण जागचे हललो नाही; सीमा मात्र आपल्या भोवतीने फिरली. महाराष्ट्र ही आपली पहिली पसंती असेलही, पण ज्या मातीत आपली मुले वाढली, ज्या रुग्णांनी आपल्यावर विश्वास टाकला, ती दुसरी पसंती कमी मोलाची नाही. पुष्कळदा निकाल तिनेच लागतो.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे'. पहिल्यात समोरचा माणूस बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. शेजारी राहणाऱ्या या दोन भाषांनी हा भेद सारखाच जपला आहे. तो जिभेवर असूनही मी ऐन वेळी विसरलो, याची खंत वाटते.

मे २०१० मध्ये शेखावतांचे निधन झाले. बातमी ऐकताच मी माझ्या त्या सहकाऱ्यांना फोन केला. म्हणालो, "आपणा शेखावतजी गया." पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ते म्हणाले, "हा डॉक्टरसाहेब, आपणा." पेढ्यांचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही, निघण्याची गरजही उरली नाही.

निवडणुका पुढेही होतील, देशाच्या आणि आपल्या मंडळाच्याही. कुणी जिंकेल, कुणी हरेल. आपल्या आवडीचा उमेदवार जिंकला, तर पेढे अवश्य वाटावेत. मात्र ते कुणाच्या वतीने वाटतो आहोत, एवढे पुडा उघडण्यापूर्वी मनाशी ठरवावे.