गाडी गेली, नाव राहिले!



घरातली जुनी वस्तू विकणे हा आपल्याकडचा नेहमीचा व्यवहार. कपाट, शिलाई मशीन, सायकल विकली, पैसे मोजून घेतले, संपले. मोटारसायकलचे तसे नाही. सरकारदरबारी तिच्यावर मालकाचे नाव असते. ते उतरेपर्यंत गाडी कोणाच्याही दारात उभी असो, जबाबदारी तुमची.

हा विषय घेण्यास कारण झाला एका मातेचा प्रश्न. त्यांचा मुलगा गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. पडून असलेली एक सुझुकी हायाबुसा त्याने स्वस्तात घेतली, रीतसर आपल्या नावावर केली आणि तीन वर्षे पगारातले पैसे घालून तिचे रूप पालटले. आता स्वतःच्या गॅरेजसाठी गाळा बघितला आहे, त्याच्या डिपॉझिटला पैसे हवेत. गिऱ्हाईक कर्नाटकातले आहे. ते म्हणते, "सगळे पैसे रोख देतो, तुम्ही कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या, नाव मी नंतर सवडीने करून घेईन." मुलगा तयार आहे, आईचे मन कचरते. ताई, तुमचे मन कचरते ते योग्यच आहे.

आधी ही गाडी काय आहे ते पाहू. हायाबुसा म्हणजे जपानी भाषेत बहिरी ससाणा. ही गाडी 1999 साली निघाली तेव्हा ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जाणारी म्हणून जगभर गाजली. 2004 च्या 'धूम' चित्रपटात जॉन अब्राहमने ती चालवली आणि आपल्या वस्त्यांतल्या पोरांच्या तोंडी तिचे नाव बसले. 2016 पर्यंत ती तयार होऊन परदेशातूनच येत असे, त्यानंतर हरियाणात मानेसरला जुळणी सुरू झाली. म्हणून जुन्या गाडीला आर.सी. बुकाइतकाच महत्त्वाचा दुसरा कागद असतो, तो कस्टमचा. त्याला 'बिल ऑफ एन्ट्री' म्हणतात. सुट्या भागांच्या नावाखाली महागड्या गाड्या आणून इथे जोडायच्या आणि खोट्या कागदांवर पासिंग करायचे, असे प्रकार महसूल गुप्तचर खात्याने पकडलेले आहेत. त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक आधी इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि हा कागद जुळवून पाहते. नोंदणीची 15 वर्षांची मुदत कधी संपते तेही पाहते.

आता सजावटीचे. या मुलाने सायलेन्सर बदलला, रंग बदलला, इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली आणि मागचे चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, लांब करून घेतला. लांब स्विंगआर्म सरळ रस्त्यावर शर्यतीला बरा, पण वळणावर गाडी जड होते. मेहनत मोठी आहे, हात कसबी आहे. पण बाजाराचा हिशेब वेगळा. सजावटीला एक लाख घातले म्हणून गाडीची किंमत एक लाखाने वाढत नाही. उलट बहुतेक गिऱ्हाइकांना कंपनीची मूळ गाडीच हवी असते.

कायदाही इथे आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. सप्टेंबर 2019 पासून बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रंग बदलला तर त्याची नोंद आर.सी.वर करून घ्यावी लागते. म्हणून आमचा सल्ला असा की, काढून ठेवलेले मूळ भाग माळ्यावर असतील तर ते परत बसवावेत आणि शौकाचे भाग वेगळे विकावेत. त्याने गाडीही लवकर जाते आणि पैसेही दोन ठिकाणांहून येतात.

आता मूळ मुद्दा, कोऱ्या सहीचा. सर्वोच्च न्यायालयाचा 6 फेब्रुवारी 2018 चा एक निकाल प्रत्येक घरात माहीत असावा. एका माणसाने 2007 साली गाडी विकली. पुढे ती आणखी काही हातांतून फिरली. 2009 साली तिने अपघात झाला, त्यात जीव गेला. आर.टी.ओ.च्या दप्तरात नाव मात्र पहिल्याच मालकाचे होते. न्यायालयाने सांगितले, ज्याचे नाव नोंदीत आहे तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. विकून दोन वर्षे झाली, हे सांगून तो सुटला नाही. ताशी 300 किलोमीटरची गाडी, परराज्यातला अनोळखी माणूस आणि आपल्या पोराचे नाव! गाळ्याचे डिपॉझिट सोडा, सारा जन्म हप्ते फेडण्यात जाईल.

म्हणून क्रम असा ठेवावा. गाडीवर कर्ज असेल तर आधी फेडून फॉर्म 35 ने आर.सी.वरचा बोजा उतरवावा. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 भरून आपल्या आर.टी.ओ.कडून एन.ओ.सी. घ्यावी. फॉर्म 29 आणि 30 वर घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही करू नये आणि त्यांच्या झेरॉक्स जपून ठेवाव्यात. गाडी राज्यातच विकली तर 14 दिवसांत आणि परराज्यात विकली तर 45 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवणे हे विकणाऱ्याचेच काम आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

पैशाचेही ऐका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास 2017 पासून बंदी आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. बँकेतून पैसे घ्यावेत. मोबाईलवरचा मेसेज पाहून चावी देऊ नये, खात्यात पैसे जमा झाल्याचे बँकेत पाहून द्यावी. पूर्ण रक्कम हाती येण्याआधी कोणालाही एकट्याला गाडी चालवून पाहायला देऊ नये.

आणि शेवटचे. गाडीत काय काय बदलले, कुठे ठोकली होती, कुठला भाग जुना आहे, हे एका कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. खरे सांगितल्याने दहा-वीस हजार कमी येतील, येऊ द्या. त्या गाडीवर उद्या दुसऱ्या एखाद्या आईचा मुलगा बसणार आहे. पहिल्याच वळणावर त्याला लांब स्विंगआर्मचा धडा मिळू नये. उद्या ज्याला गॅरेजची पाटी लावायची आहे, त्याच्यासाठी खरा शब्द हेच मोठे भांडवल आहे. गिऱ्हाईक कोऱ्या सहीवर अडून बसले तर त्याला खुशाल जाऊ द्यावे, दुसरे मिळेल.