कंटेनरला अंडू नसतो

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारी सकाळी सातला मामेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोन. "अरे, तुमच्या हापिसची हॅम्बुर्गला ब्रँच आहे ना? तिथलं कुणीतरी जरा बंदरावर जाऊन येईल का?"

आता हॅम्बुर्गची आमची मंडळी दिवसभर कोड लिहितात, बेदाण्याचा कंटेनर सोडवायला ती काय जाणार! पण दादाचा आवाज ऐकून हसू आलं नाही. तासगावचा बेदाणा, पहिलाच कंटेनर, त्यात बँकेचं कर्ज. आणि माल तिकडे अडकलेला.

कारण काय, तर पॅलेट. बेदाण्यात खोट नव्हती, खोट खालच्या लाकडात होती. लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून आयएसपीएम-१५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवायचं (किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करायची) आणि तसा शिक्का पॅलेटवर उमटवायचा. दादाने ओळखीच्या वखारीतून स्वस्तात पॅलेट घेतले. शिक्का नाही. मग असं लाकूड एकतर नष्ट करा, नाहीतर त्यावर प्रक्रिया करा, नाहीतर माल परत न्या. हे सगळं होईपर्यंत बंदरातलं भाडं दिवसागणिक चालूच! वखारीत वाचवलेले पैसे पहिल्या दिवसाच्या भाड्यालाही पुरले नाहीत.

सुटीत सांगलीला गेलो तेव्हा ती फाइल मागून घेतली. सवयच आहे हो, दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधायची. आणि खरंच सापडले.

पहिला बग एका आकड्याचा. ताज्या द्राक्षाचा एचएस कोड ०८०६१०, बेदाण्याचा ०८०६२०. दादाने शेजारच्या द्राक्षवाल्याचं जुनं इन्व्हॉइस समोर ठेवून नक्कल केली होती (आपण नाही का इंटरनेटवरून कोड उचलत!). न्हावा शेवाला हरकत निघाली आणि दुरुस्तीत दोन दिवस गेले. जकात किती आणि कागद कुठले, हे सगळं त्या कोडवरच ठरतं.

दुसरा बग वाचून मात्र मी उडालोच. करारात लिहिलं होतं 'एफओबी तासगाव'. आता एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची, म्हणून त्यापुढे बंदराचं नाव लागतं. तासगावला समुद्र कधी आला? दादाला वाटलं, माल गोडाऊनच्या दारात दिला की आपलं काम संपलं. ग्राहकाला वाटलं, जहाजापर्यंतचं सगळं दादाचं. ट्रकभाडं कुणी द्यायचं यावर आठवडाभर मेलामेली. खरं तर कंटेनरचा माल जहाजाच्या आधीच यार्डात दुसऱ्याच्या ताब्यात जातो, म्हणून त्याला एफसीए ही अट जास्त बरी. २०२० च्या इन्कोटर्म्सचं पुस्तक हेच सांगतं.

तिसरी गोष्ट विम्याची. तो काढलाच नव्हता! "जहाज काय रोज बुडतं का?" दादाचा सवाल. बुडायला कशाला हवं? २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २९ तारखेला निघालं, पण जुलैपर्यंत त्याला इजिप्त सोडता आलं नाही. वर मालकाने 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवायचा खर्च जहाजवाले आणि सगळे मालवाले मिळून वाटून घेणार. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर तुमचा माल धडधाकट असूनही आधी पैसे भरा, मग माल न्या.

आता माझं मत. या चुका दादाच्या अडाणीपणाच्या नाहीत, तो बी.कॉम. आहे. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच होतं, "ते एजंट बघेल." एजंट बघतो, नाही असं नाही. पण तुम्ही जे सांगता त्यावरच तो कागद करतो, आणि कागदावर निर्यातदार म्हणून नाव तुमचं असतं. एजंट जरूर ठेवा, पण त्याला प्रश्न विचारायची लाज सोडा. कोड कुठला? जोखीम नेमकी कुठे संपते? विमा कुणाचा? पॅलेटवर शिक्का आहे का? तिकडच्या बंदरात फुकटचे दिवस किती? पाच प्रश्न, एक फोन, आणि तोही ट्रक भरायच्या आधी.

आपल्याकडे शुक्रवारी रिलीज केलं आणि फाटलं, तर रात्री जुनं व्हर्जन परत चढवता येतं. कंटेनरला अंडू नसतो. जहाज सुटलं की चूकही सोबत जाते, आणि तिचं भाडं आपणच भरतो.

दादाचा माल शेवटी सुटला. नफा गेला, ग्राहक मात्र राहिला. यंदा त्याने भिंतीवर ते पाच प्रश्न मार्करने लिहून ठेवलेत. खाली सहावा मामीने वाढवलाय : "पैसे आले का?"

असो. तो सगळ्यात महत्त्वाचा, नाही का?